गाडी किती ओढते?

या वर्षी एप्रिल ते जून माझे सगळे शनिवार एकाच कामात गेले. गाडी बघणे. नुसती गाडी नाही, बोट ओढणारी गाडी!

आता मिनेसोटात राहणाऱ्या माणसाला बोटीचं वेड लागलं तर त्यात त्याचा फारसा दोष नाही. इथल्या नंबरप्लेटवरच '१०,००० तळी' असं लिहिलेलं असतं. दहा एकर किंवा त्याहून मोठी तळी मोजली तर आकडा ११,८४२ भरतो. म्हणजे सरकारनेच जरा हात राखून लिहिलंय. सहा महिने सगळं गोठलेलं, आणि मेमध्ये बर्फ वितळला की शेजारचा, समोरचा, ऑफिसमधला प्रत्येकजण गाडीमागे बोट लावून निघतो. आपण बाल्कनीत चहा पीत बघत बसायचं. पाच वर्षं बघितलं. मग आमच्या टीममधले एक काका रिटायर झाले आणि त्यांनी त्यांची १७ फुटी अॅल्युमिनियमची बोट ट्रेलरसकट साडेसात हजार डॉलरला देऊ केली. मी हो म्हणालो. घरी विचारायच्या आधी हो म्हणालो, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

बायकोने शांतपणे विचारलं, "आणि ओढणार कशाने? आपल्या सेडानने?"

तर असं आहे. बोट साडेसात हजारांची आणि ती ओढायला गाडी तीस-बत्तीस हजारांची, तीही सेकंडहँड. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

पण बायकोच्या त्या प्रश्नामागे आणखी एक गोष्ट होती. गेल्या वर्षी जुलैमध्ये आम्ही एक छोटी बोट भाड्याने घेतली होती आणि मित्राची छोटी एसयूव्ही. वजन गाडीच्या मर्यादेत होतं, मी तपासलं होतं. इंजिनिअर आहे ना मी. मग कूलर, तंबू, बॅटरी, सगळं सामान बोटीच्या मागच्या भागात टाकलं, कारण तिथे जागा होती. आय-३५ वर हिंकलीच्या पुढे वेग ७० मैल असताना ट्रेलर डुलायला लागला. आधी थोडा, मग इतका, की आरशात बोट एकदा डावीकडे दिसायची आणि एकदा उजवीकडे. मी ब्रेक दाबला. ते करायचं नसतं. गाडीची मागची बाजूही त्याच्याबरोबर हलायला लागली. घाबरून पाय काढला, स्टिअरिंग घट्ट सरळ धरलं, आणि वेग कमी झाल्यावर ते आपोआप थांबलं. सगळं मिळून दहा सेकंद असेल. मागच्या सीटवर दीड वर्षाची मुलगी झोपली होती, ती उठलीसुद्धा नाही. बायको पुढचे चाळीस मैल एक शब्द बोलली नाही.

कारण नंतर कळलं. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हिचवर खाली दाब देतो, त्याला टंग वेट म्हणतात. हे एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के धरतात. सामान मागे गेलं की पुढचा दाब कमी होतो आणि ट्रेलरला नाचायला मोकळीक मिळते. म्हणजे एकूण वजनाचा आकडा बरोबर होता, पण ते वजन ठेवलं होतं चुकीच्या जागी.

त्यामुळे या वेळी मी नीट अभ्यास करायचं ठरवलं. एक्सेल शीट वगैरे. शीटमध्ये सात गाड्या, एकवीस रकाने. (हसू नका, तुम्ही फोन घेतानाही हेच करता.)

थोडक्यात सांगतो, कोणाला तरी उपयोग होईल. २०२१-२२ च्या मध्यम एसयूव्ही घेतल्या तर बहुतेकांचा ओढण्याचा आकडा ५,००० पाउंडांच्या आसपास घुटमळतो. टोयोटा हायलँडर व्ही-६ ५,०००, पण तीच हायब्रिड घेतली तर ३,५००. होंडा पायलट चारही चाकांना ताकद देणारी घेतली तर ५,०००, फक्त पुढच्या चाकांची घेतली तर ३,५००. किया टेल्युराइड ५,०००. निस्सान पाथफाइंडरने २०२२ च्या मॉडेलमध्ये सीव्हीटी काढून नऊ गिअरचा ऑटोमॅटिक बसवला, तिचा आकडा ६,००० पर्यंत जातो, पण सगळ्या व्हेरिअंटना नाही. जीप ग्रँड चेरोकी आणि डॉज ड्युरँगो व्ही-६ मध्ये ६,२०० पर्यंत. म्हणजे एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या, शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांत दीड हजार पाउंडांचा फरक असू शकतो. मागे हिच दिसतोय म्हणून खूश व्हायचं नाही. तो कोणीही नंतर बसवलेला असू शकतो.

आणि हे आकडे आले कुठून? पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवायची. मग २००८ मध्ये एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने जे-२८०७ नावाचं मानक काढलं. अॅरिझोनात डेव्हिस डॅमजवळचा लांबलचक चढ आहे, तो भर उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, ठरलेल्या किमान वेगाने चढून दाखवायचा, ही त्यातली प्रसिद्ध परीक्षा. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलपासून सर्वात आधी स्वीकारलं. मला हे वाचून फार बरं वाटलं. चला, कोणीतरी नीट टेस्टिंग केलंय!

माझा निर्णय जवळजवळ झाला होता. हायब्रिड. अॅव्हरेज चांगलं आणि बोट काकांच्या म्हणण्याप्रमाणे ट्रेलरसकट २,३०० पाउंड, मर्यादा ३,५००. विषय संपला.

मग मेमध्ये आई-बाबा आले.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. चिपळूण डेपो. आयुष्यातली निम्मी वर्षं त्यांनी कुंभार्ली घाट चढण्या-उतरण्यात काढली. मी इंजिनिअर झालो तो त्या पगारावर. पण गाडीबद्दल मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर विचारण्यासारखं काही असेल असं वाटलंच नव्हतं. ते आयुष्यभर पिवळा-लाल डबा चालवत होते आणि मी टर्बोचार्जरबद्दल वाचत होतो.

त्यांना शीट दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळे रकाने बघितले आणि विचारलं, "थांबते किती?"

"म्हणजे?"

"ओढते किती ते लिहिलंयस. थांबते किती ते कुठाय? आणि बोटीला ब्रेक आहेत का?"

तो रकाना माझ्याकडे नव्हता.

"बोट वजन केलीस का?" हा पुढचा प्रश्न. काकांनी सांगितलंय, म्हणालो. बाबा काही बोलले नाहीत. फक्त बघितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही मित्राच्या पिकअपला ट्रेलर लावून हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाट्याला गेलो. ३,०६० पाउंड! काकांनी बहुधा नुसत्या बोटीचं आणि ट्रेलरचं वजन सांगितलं होतं. ११५ हॉर्सपॉवरचं इंजिन, पेट्रोल (एक गॅलन म्हणजे सहा पाउंड), बॅटऱ्या, नांगर, लाइफ जॅकेट हे सगळं धरलंच नव्हतं. आणि मिनेसोटाच्या कायद्याप्रमाणे ३,००० पाउंड किंवा त्याहून जास्त वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. काकांच्या ट्रेलरला नव्हते.

"किलोत सांग," बाबा म्हणाले.

"जवळजवळ चौदाशे."

"म्हणजे वीस माणसं मागे बांधून चाललायस. बिनब्रेकची."

पुढच्या शनिवारी त्यांना घेऊन एका डीलरकडे गेलो. सेल्समन भला माणूस होता. सात सीट, ५,००० पाउंड, काही काळजी करू नका, असं तीनदा म्हणाला. बाबांना इंग्रजी फार येत नाही. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, ड्रायव्हरचं दार उघडलं आणि दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय लिहिलंय?"

मी वाचलं. माणसं आणि सामान मिळून १,२४० पाउंडांपेक्षा जास्त वजन कधीही नको. कधीही. एकवीस रकाने भरताना मी हे स्टिकर एकदाही वाचलं नव्हतं. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं इथे असेल म्हणून? म्हणाले, "एसटीत पण लिहिलेलं असतं की. ४४ बसून, ११ उभे. गाडी म्हटली की कुठंतरी लिहिलेलं असणारच."

तिथेच फोनवर हिशोब केला. मी १७५, बायको १३०, बाबा १६०, आई १४०, मुलगी तिच्या कारसीटसकट ५०. झाले ६५५. ट्रेलरचा दांडा हिचवर जे ३०० पाउंड दाबणार तेही या १,२४० मध्येच मोजायचे, कारण ते वजन गाडीच अंगावर घेते. नंतर बसवायचा हिच ४०. कूलर, बाबागाडी आणि आईचे डबे (डबे हलके नसतात) १३०. एकूण १,१२५. उरले ११५. म्हणजे सहाव्या आणि सातव्या सीटवर कोणी मोठं माणूस बसवायची सोय नाही.

सेल्समन खोटं बोलत नव्हता. सात सीट आहेत, ५,००० पाउंडही आहेत. फक्त ते दोन्ही एकाच वेळी नाहीत. त्या जे-२८०७ च्या परीक्षेत गाडीत प्रत्येकी १५० पाउंडांची दोन माणसं धरलेली असतात. दोन! सासू-सासरे, कारसीट आणि पुरणपोळ्यांचा डबा त्यात नाही.

नंतर मी घरी बसून जरा गणित केलं. वेग ५५ वरून ७० मैल केला की थांबवायची ऊर्जा ६२ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गावर जाते. हे मी अकरावीत शिकलोय, पेपरात लिहून मार्कही घेतलेत. हिंकलीच्या पुढे ते आठवलं नाही. बाबांना तो वर्ग-बिर्ग माहीत नाही, पण ते म्हणाले, "चढताना इंजिन कळतं. उतरताना ड्रायव्हर कळतो. तुझ्या शीटमधे सगळं चढायचंच आहे."

मग मी त्यांना गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली. घरी फोनवर कधी सांगितली नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "पोरगी कुठं बसली होती?" आणि मग बराच वेळ गॅलरीत जाऊन उभे राहिले.

असो. शेवटी घेतली ती २०२१ ची हायलँडर. हायब्रिड नाही, व्ही-६, चारही चाकांची. हायब्रिडच्या ३,५०० मध्ये ३,०६० बसतात, पण मधे उरतात जेमतेम साडेचारशे. आणि चारही चाकं यासाठी की बोट पाण्यातून वर काढताना रॅम्प शेवाळाने निसरडा असतो आणि ट्रेलर गाडीची मागची बाजू खाली दाबतो, तेव्हा फक्त पुढच्या चाकांची गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसते. दाराचं स्टिकर आधी वाचलं, किंमत नंतर विचारली. ट्रेलरला सर्ज ब्रेक बसवून घेतले. गाडीने ब्रेक लावला की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात, वायरींची भानगड नाही, त्यामुळे पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरला हे सोयीचे. त्यात अॅव्हरेज गेलं, बजेट गेलं. बायकोने मात्र पहिल्यांदाच "कधी जायचं?" असं स्वतःहून विचारलं.

ट्रेलरचे टायर बदलताना एक गंमत झाली. या टायरांवर बाजूला इंग्रजीत 'एसटी' अशी अक्षरं असतात. स्पेशल ट्रेलर. बाबांना अक्षरं ओळखू आली आणि ते जे हसायला लागले! मग आईला बोलावून दाखवलं, फोटो काढला आणि डेपोतल्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. अशा टायरांना, वेगळं काही सांगितलं नसेल तर, ६५ मैलांची मर्यादा धरतात असं मी सांगितल्यावर म्हणाले, "बरोबर आहे. एसटीने एसटीसारखंच जायचं."

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही डुलुथला गेलो. पाच माणसं, मागे बोट, सामान पुढच्या भागात. वेग ५५. मागून येणारे सगळे आम्हाला ओलांडून जात होते आणि मला त्याचं काही वाटलं नाही. हिंकली आलं तेव्हा बायकोने आरशात बघितलं. मीही बघितलं. बोट आपली सरळ येत होती.

डुलुथच्या आधी थॉमसन हिल लागते. टेकडीच्या माथ्यावरून एकदम खाली लेक सुपीरिअर दिसतो, समुद्रासारखा, आणि रस्ता सरळ उतरायला लागतो. उतार सुरू व्हायच्या आधीच बाबा म्हणाले, "आता गिअर." मी गिअर खाली घेतला. इंजिन गुरगुरलं, गाडी स्वतःच अडून अडून उतरायला लागली, ब्रेकला पाय क्वचितच लागला. बाबा शेजारच्या सीटवर ताठ बसले होते. त्यांचा उजवा पाय रिकाम्या मॅटवर मधूनमधून दाबला जात होता.

खाली पोचल्यावर त्यांनी पाठ टेकली आणि विचारलं, "इथं चहा कुठं मिळतो?"