हलका बार

॥ श्री ॥
नेकनूर, दिवाळीनंतरचा रविवार

चि. बाळास आत्याचे अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सॲपवरचा तुझा निरोप वाचला आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. आयडाहोतला तुझा शेजारी सशाच्या शिकारीला जातो, त्याची काडतुसं तो गॅरेजमध्ये स्वतः भरतो, मुद्दाम दारू कमी घालतो, आणि ते बघताना तुला आपल्या ढाळजेतल्या दोन सागवानी खुंट्या आठवल्या. "आत्या, तिथे बंदूक असायची ना? अप्पाआजोबा सशाला काय वापरायचे?" असं विचारलंस. एवढ्या वर्षांत घरातल्या कुणीच मला हे विचारलं नव्हतं. तुझ्या बाबांना विचारलं असतंस तर "होती एक ठासणीची" म्हणून त्यांनी विषय संपवला असता. फोनवर हे सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसले. लांबलं तरी शेवटपर्यंत वाच.

आधी तुझ्या शेजाऱ्याच्या बंदुकीचं मला जे समजलं ते सांगते. चुकत असेन तर सांग. खालचा दांडा पुढे ढकलून मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं, तीच ना? जुन्या इंग्रजी सिनेमात घोड्यावरचे लोक उडवतात ती, विंचेस्टरच्या जातीची. तू म्हणतोस तिचं काडतूस तीस-तीसचं, म्हणजे मुळात हरणासाठी काढलेलं, १८९५ पासूनचं. ते गोळीला आवाजाच्या दुप्पट वेगाने फेकतं. तसली गोळी सशाला लागली तर खायला काही उरत नाही. म्हणून तो दारू कमी करतो, शिशाची गोळी घालतो आणि वेग आवाजाच्या आत ठेवतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या आत. मग गोळी हवेत जो कडाका काढते तोही होत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलंय मी, एवढं कळतं. आणि अप्पांना यातलं एकही सूत्र माहीत नसताना ते नेमकं हेच करायचे. आमच्याकडे त्याला 'हलका बार' म्हणत.

बंदूक अप्पांच्या वडिलांची, निजामाच्या राजवटीतली. घरात सांगतात की रझाकारांच्या धामधुमीत ती कडब्याच्या गंजीत लपवली होती आणि पोलीस ॲक्शननंतर बाहेर काढली. म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ नंतर कधीतरी. तुझे मोठे काका म्हणायचे गंजीत नव्हे, विहिरीच्या कपारीत. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. मला बंदूक आठवते ती खुंटीवरचीच: एक नळी, वरून दारू ओतून गजाने ठासायची, मागे कानाशी तांब्याची टोपी बसवायची आणि घोडा चढवायचा. एका वेळी एकच बार. तुझ्या शेजाऱ्यासारखा दांडा ओढून दुसरा काढायची सोयच नाही. दुसरा बार भरेपर्यंत ससा येळंबच्या घाटाखाली पोचलेला असायचा.

त्या बंदुकीपेक्षाही मला तिचं माप जास्त आठवतं. कुणा साहेबाच्या बारा बोरच्या बंदुकीचं रिकामं पितळी काडतूस अप्पांनी मागून आणलं होतं. सोनाराकडून ते वरून कापून घेतलं, कडा घासून घेतली आणि बुडाशी तारेची मूठ डाखली. आतल्या बाजूला दाभणाने ओढलेल्या दोन रेघा होत्या. वरची रेघ रानडुकराची. खालची, निम्म्याहून थोडी वर, ती ससा आणि तित्तराची. अप्पा ढाळजेत उजेडाकडे तोंड करून बसायचे. दारूची शिंगाची कुपी माझ्या हातात. मी ओतायचे आणि ते बोटाने मापाला हलकेच टिचकी मारायचे, म्हणजे दारू खाली बसते आणि खरी पातळी दिसते. रेघेच्या वर चार दाणे जरी राहिले तरी कुपीत परत. मग सपाट केलेली आगकाडी वरून फिरवायची. त्या वेळी ढाळजेत चूल नाही, विडी नाही, कंदीलसुद्धा नाही. दारू नळीत गेली की वर नारळाचा काथ्या, तो गजाने दाबायचा, त्यावर बारीक छर्रे, पुन्हा काथ्या. गज नळीतून वर उडायला लागला की बार बसला. तो वर उसळताना 'टण्' वाजायचा, तो आवाज ऐकायला मी तिथेच थांबायचे.

"पोरी, बार लई झाला की ससा आपला राहत नाही, मातीचा होतो," असं ते म्हणायचे. दुसरंही कारण होतं. दारू बीडहून यायची, परवान्याच्या वहीत नोंद करून, मोजून. वर्षभर तेवढीच पुरवायची. पण मला पहिलंच कारण जास्त खरं वाटतं, कारण हातात भरपूर दारू असतानाही ते खालच्या रेघेवरच थांबलेले मी पाहिलेत.

हलक्या बाराला जवळ जावं लागतं, वीस-पंचवीस पावलांवर. अप्पांचा सगळा कस तिथेच लागायचा. पहाटे माळावर तित्तर ओरडायला लागले की ते वाऱ्याच्या उलट बाजूने सीताफळाच्या झुडपांआडून सरकत. मी मागे, पायात चप्पल नाही. ससा बसलेला दिसत नाही, त्याचा डोळा दिसतो. तो डोळा शोधायला त्यांनीच मला शिकवलं. उडता पक्षी त्यांनी कधी मारला नाही, कारण हलका बार तिथवर पोचत नाही आणि जखमी पाखरू झुडपात जाऊन मरतं. विणीच्या दिवसांत, श्रावणात आणि एकादशीला बंदूक खुंटीवरच. मोराकडे तर नळी कधी वळलीच नाही. पाटोद्याच्या बाजूला नायगावला १९९४ साली मोरांचं अभयारण्य झालं, तेव्हा अप्पा असते तर बघायला गेले असते.

माझी आई माळकरी. शिकार घरात आणायची नाही. गोठ्याच्या मागे तीन दगडांची चूल, वेगळं पातेलं, वेगळा पळा. रांधायचे अप्पा स्वतः: येसूर, सुकं खोबरं, लाल तिखट आणि भरपूर लसूण. आई भाकऱ्या थापून द्यायची, पण तिथे यायची नाही, आणि अप्पांनी तिला कधी ये म्हटलं नाही. दोघांनी एकमेकांना पुरतं सांभाळलं. आम्ही जेवताना छर्रे वेचून पितळीच्या काठावर ठेवायचो. तुझ्या बाबांच्या दाढेचा कोपरा असाच एका छर्‍याने उडालाय, विचार त्यांना. यावरून आठवलं, ते शिसं वाईट बरं का. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी बंदच केली आहे. शेजाऱ्याने मांस दिलं तर गोळी लागलेल्या जागेभोवतालचं काढून टाक, आणि आपल्या छकुलीला ते अजिबात देऊ नकोस.

अप्पांना तित्तराची चाल शिकवली एका पारध्याने. त्याच्याकडे बंदूक नव्हती, फासे होते आणि पिंजऱ्यात एक पाळलेला तित्तर. तो पिंजरा माळावर ठेवला की आतला ओरडायचा, रानातला भांडायला यायचा आणि फाशात अडकायचा. बाराचा खर्च नाही, आवाज नाही. अप्पा त्याला गुरू म्हणायचे, तेही चारचौघांत. पण पाखरू तेच आणि माळ तोच असताना अप्पांच्या खिशात परवाना होता, आणि त्याच्या जातीच्या कपाळावर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने 'गुन्हेगार' असं लिहून ठेवलं होतं. तो कायदा १९५२ साली गेला, पण पोलीस दिसले की तो माणूस तरीही नाल्यात उतरायचा. तुझ्या पिढीने हे विसरता कामा नये. शिकारीच्या गोष्टी सांगताना लोक पाटलांच्या बंदुका सांगतात आणि ज्यांना खरी विद्या होती त्यांना गाळतात.

आता शिकार कधी थांबली ते. तुझे बाबा म्हणतात कायद्याने. माझं म्हणणं आहे दुष्काळाने. दोन्ही १९७२ चेच, म्हणून भांडण मिटत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा आला तरी सगळी शिकार एका दिवसात बंद झाली नव्हती. ससा, तित्तर, लावे चौथ्या अनुसूचीत होते आणि लहान शिकारीचा परवाना तेव्हाही मिळण्याची तरतूद होती. पुरती बंदी आली ती १९९१ च्या दुरुस्तीने. आमच्याकडे मात्र त्याच्या कितीतरी आधी बंदूक खुंटीवरून उतरेनाशी झाली होती. दुष्काळात बैल नेकनूरच्या बाजारात मातीमोल भावाने गेले. सारं गाव खडी फोडायला, मुलांना सुकडी. माळावर गवताची काडी नव्हती, तिथे ससा कुठून राहणार? एकदा अप्पा पहाटे माळावर जाऊन तसेच परत आले आणि भरलेला बार त्यांनी बांधावर हवेत काढून टाकला. भरलेली बंदूक घरात ठेवायची नाही हा त्यांचा नेम होता. त्यानंतर मी त्यांना दारू मोजताना पाहिलं नाही.

अप्पा गेल्यावर बंदूक जमा करावी लागली. वारसाने आपल्या नावावर परवाना मागायचा असतो. मी तुझ्या बाबांना आणि काकांना सांगून थकले. दोघे पुण्याला, दोघांना वेळ नाही. घरातली एक वस्तू अशी नुसत्या आळसाने गेली, हे मी अजून पोटात ठेवलंय. आज लिहून मोकळी होते.

आज तो माळ बघशील तर ओळखणार नाहीस. मांजरसुंब्याच्या अंगाला पवनचक्क्या फिरतात. हरभऱ्यात हरणांचे कळप आणि भुईमुगात डुकरं, शेतकरी रात्रभर फटाके वाजवत जागतात आणि म्हणतात, पूर्वी बंदुका होत्या ते बरं होतं. त्यांचं नुकसान खरं आहे, भरपाईही वेळेवर मिळायला हवी. पण एका ठासणीच्या बंदुकीने हे आवरलं नसतं. तित्तर मात्र अजून ओरडतात. मी पहाटे ऐकते. तू तुझ्या पोरीला कोणता पक्षी आवाजावरून ओळखायला शिकवलास? तिला ज्वारी आणि बाजरी वेगळी असते हे तरी माहीत आहे का? रागावू नकोस. तू मला मराठी लिहितोस तेही इंग्रजी अक्षरांत, मग काळजी वाटते. व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' पाठवलं होतं, ते उघडलंस का?

शेजाऱ्याबरोबर जाणार असशील तर जा. तिकडे परवाना काढून कायद्याने जाता येतं, मी नको म्हणणार नाही. पण दोन गोष्टी ऐक. छर्रा थोड्या अंतरावर पडून जातो, गोळी तशी नाही. बावीसची एवढीशी गोळीसुद्धा मैलभर जाते. ससा टेकडीच्या पोटाला बसला असेल तरच चाप ओढायचा, माथ्यावर असेल तर नाही. दुसरी गोष्ट हलक्या बाराचीच. दारू फार कमी पडली तर गोळी नळीतच अडकते, बाहेर येत नाही. आवाज ऐकून माणसाला वाटतं, गेली. मग दांडा ओढून दुसरी उडवली की नळी फाटते. ठासणीतही तसंच व्हायचं, टोपी नुसती फुटली की लोक बारावर बार भरायचे. म्हणून अप्पांच्या गजावर एक खाच होती. गज नळीत सोडायचा, खाच तोंडाशी आली तर नळी रिकामी, खाच वर राहिली तर आत काहीतरी आहे. प्रत्येक बाराआधी ते हे बघायचे, शंभरदा केलेलं असलं तरी.

फेब्रुवारीच्या आधी आलास तर हुरडा मिळेल, नंतर नाही. तिकीट काढण्याआधी कळव, म्हणजे कडब्याच्या खोलीची डागडुजी करून घेते. सूनबाईंना आशीर्वाद, छकुलीला गोड पापा.

तुझी,
आत्या

ता. क. – माप माझ्याकडे आहे, बंदुकीबरोबर मी ते दिलं नाही. पार्सलने पाठव म्हणशील, पण त्याच्या सांध्यात जुनी दारू बसलेली असणार, विमानतळावर उगीच अडवतील. आलास की हातात देईन. येसूर मात्र पाठवते आहे, अर्धा किलो. आणि शेजाऱ्याला एवढं विचारून कळव, की नळी रिकामी आहे हे तो कशाने बघतो.