भगरीचा दाणा

लग्नाच्या बायोडाट्यासाठी फोटो काढायला संगमनेरला गेलो होतो. फोटोग्राफरने चेहरा स्क्रीनवर मोठा केला आणि सहज विचारलं, "डोळ्याखालचे हे पांढरे ठिपके ठेवू का काढू?" त्याच्या दृष्टीने एका क्लिकचं काम. मी मात्र अकोल्यापर्यंत गाडीच्या आरशात तेच बघत आलो.

आज्जीने घरी पाय ठेवताच निदान केलं. "भगरीचा दाणा अडकलाय जणू कातडीत." आमच्या तालुक्यात डोंगराच्या अंगाला वरई पिकते, त्यामुळे तिला उपमा शोधावी लागली नाही. गंमत म्हणजे डॉक्टरही तेच म्हणतात. या गाठींना मिलिया म्हणतात, आणि लॅटिनमधलं मिलियम म्हणजे वरी-बाजरीसारखं बारीक धान्य.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी नखाने दाबून बघितलं. काही निघालं नाही, डोळ्याखाली काळंनिळं तेवढं झालं. मग गावाकडच्या एका मेडिकलमध्ये "डाग जायची क्रीम" मागितली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. दोन महिन्यांत चेहरा उजळला, ठिपकेही कमी वाटले. हिंजवडीला परतताना अर्धी ट्यूब आईला दिली. उन्हात खुरपून तिच्या गालांवर वांग आले होते. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणाऱ्या माणसाने ट्यूबच्या मागचा मजकूर एकदाही वाचला नाही.

दीड वर्षाने दिवाळीला गेलो तर आईचे गाल लालबुंद. बारीक शिरा दिसत होत्या, चुलीजवळ बसली की आग व्हायची. आणि दोन्ही डोळ्यांखाली पांढरे दाणे, माझ्यापेक्षा जास्त. ट्यूब संपली की ती तसलीच नवी आणवायची. "तूच तं आणली होती. इंजिनीयर माणूस काही वंगाळ आणंल का?"

संगमनेरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी रिकामी ट्यूब हातात घेतली आणि आधी तीच वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं तिसरं स्टेरॉइड. ते लावलं की त्वचा पहिल्यांदा छान दिसते, पण महिनोन्‌महिने लावलं की पातळ होते, आणि अशा त्वचेवर मिलिया उगवू शकतात. यातलं ट्रेटिनॉइन मिलियावर डॉक्टर खरंच देतात, पण डोळ्याच्या इतक्या जवळ जपून आणि गरोदरपणात अजिबात नाही. म्हणजे माझे ठिपके कमी वाटले असतील ते कदाचित त्याच्यामुळे, आणि मी श्रेय अख्ख्या ट्यूबला दिलं. अशी स्टेरॉइडची कित्येक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला केंद्र सरकारने २०१८ साली मनाई केली आहे. कागदावर.

मिलियाचं मूळ अगदीच साधं आहे. आपली मेलेली कातडी रोज झडते. तिच्यातलं केराटिन, ज्याची नखं आणि केस बनतात, ते कधी आतच अडकतं आणि एक-दोन मिलिमीटरची गोळी होते. तिला तोंड नसतं, म्हणून दाबून निघत नाही. तान्ह्या बाळांच्या नाकावर असे दाणे येतात आणि काही आठवड्यांत आपोआप जातात. मोठ्यांचे महिनोन्‌महिने टिकतात, पण त्रास कसलाच देत नाहीत. माझे दोन ठिपके कुणाचं काही बिघडवत नव्हते. बग नव्हताच, मी उगाच पॅच टाकला.

डॉक्टरांनी आईला क्रीम बंद करायला सांगितलं आणि बजावलं, की आधी लाली वाढेल, तेव्हा घाबरून परत लावू नका. डोळ्यांभोवती स्टेरॉइड फार दिवस लावलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. दाबाचा आकडा येईपर्यंत मी बाकड्यावर बसून होतो. तेवढं कुठल्याच प्रॉडक्शन रिलीजला घाबरलो नाही. आकडा नॉर्मल आला.

लाली ओसरल्यावर दोघांचे दाणे काढले. निर्जंतुक सुईने बारीक छेद, हलका दाब, टाका नाही. घरी सुई घेऊन बसू नका, हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. डोळ्याखाली जाड, तेलकट क्रीम चोपडायचं नाही, चोळायचं नाही, शेतात जाताना चेहऱ्यावर पदर आणि सनस्क्रीन. पापणीजवळ पिवळट चट्टे आले तर ते मिलिया नव्हेत, कोलेस्टेरॉल तपासायचं. घामाच्या ग्रंथींच्या गाठीही तिथेच येतात आणि त्या अशा सुईने निघत नाहीत, म्हणून आधी दाखवायचं.

आईने कापसावरचा दाणा चष्मा लावून बघितला. "एवढुसा?"

परत येताना ती बराच वेळ गप्प होती. गावाच्या फाट्यावर म्हणाली, "चुलतीलाबी दिली होती मी थोडी. अन् तिच्या सुनंला."

सून सहा महिन्यांची गरोदर होती. गाडी आधी त्यांच्याच दारात लावली.