भागिले शून्य

2014 साली लॉस एंजेलिस एंजल्स या बेसबॉल संघाकडून रिच हिल दोन सामन्यांत बॉल टाकायला उतरला. त्याच्यासमोर चार बॅटर आले. एकही आउट झाला नाही. बेसबॉलमध्ये बॉल टाकणाऱ्याचा, म्हणजे पिचरचा, हिशोब 'ईआरए'ने होतो. त्याच्या खात्यावर पडलेले रन गुणिले 9, भागिले त्याने टाकलेल्या इनिंग. तीन आउट झाले की एक इनिंग. हिलचे आउट शून्य, त्यामुळे एंजल्सकडचा त्याचा ईआरए रेकॉर्डमध्ये 'अनंत' आहे. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला 'भागिले शून्य' दिसलं की झोप उडते. मी या माणसाबद्दल वाचायला लागले ते त्यामुळे.

तेव्हा तो 34 वर्षांचा होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याचं दोन महिन्यांचं बाळ गेलं होतं. ते कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

बेसबॉलमध्ये अशा खेळाडूला 'जर्नीमन' म्हणतात. शब्दात प्रवास ऐकू येतो, पण मुळात तो 'दिवस' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. काम शिकलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला, रोजावर राबणारा कारागीर. हिलचं करिअर तसंच आहे. 2005 मध्ये शिकागो कब्जकडून सुरुवात. 2007 मध्ये 11 विजय, 183 स्ट्राइकआउट. मग खांदा गेला. 2011 मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं. बॉल्टिमोर, बोस्टन, क्लीव्हलँड, एंजल्स, यँकीज. मधल्या काळात तो हात आडवा नेऊन बॉल टाकायला शिकला, कारण 2020 पूर्वी एखाद्या डावखुऱ्या बॅटरपुरतं बोलावून घ्यायला असा पिचर बरा पडायचा. आमच्या आयटीत 'बेंच'वर बसलं तरी निदान काही दिवस पगार येतो. इथे फोन येतो आणि बॅग भरायची.

2015 च्या जूनमध्ये वॉशिंग्टनच्या मायनर लीग संघानेही नारळ दिला. मग हिल लाँग आयलंड डक्सकडे गेला. हा संघ कुठल्याही मेजर लीग क्लबशी जोडलेला नाही. इथे येतात ते बहुतेक ज्यांना दुसरीकडून बोलावणं उरलेलं नाही असे. वय 35. दोन सामने, 11 इनिंग, 21 स्ट्राइकआउट, रन शून्य. बोस्टन रेड सॉक्सनी त्याला उचललं. तो बोस्टनच्याच बाजूचा, म्हणजे घरचाच संघ.

ही गोष्ट इथवर सांगून लोक 'हार मानू नका' लिहितात आणि लाइक्स गोळा करतात. मला ते पटत नाही. हार तर त्याने त्याआधीच्या दहा वर्षांतही मानली नव्हती. मग तेव्हा का जमलं नाही?

रेड सॉक्सकडे ब्रायन बॅनिस्टर नावाचा माणूस होता. स्वतः मेजर लीगमध्ये पिचर राहिलेला, आता आकडे बघणारा. बॉल मिनिटाला किती वेळा फिरतो, कुठल्या बाजूने फिरतो, किती खाली पडतो, हे सगळं आता मोजता येत होतं. बॅनिस्टरने हिलला त्याचाच कर्व्हबॉल दाखवला. खूप वळणारा, भरपूर टॉपस्पिन असलेला, बॅटरच्या समोर येऊन खड्ड्यात पडल्यासारखा पडणारा. लीगमधल्या उत्तम कर्व्हबॉलमध्ये मोडणारा. मग हा इतका कमी का टाकायचा?

याला उत्तर नव्हतं. रीत होती. पिचरने आधी फास्टबॉलने धाक बसवायचा आणि कर्व्हबॉल फसवायला मधूनच काढायचा. हिलचा फास्टबॉल जेमतेम 90 मैलांचा. म्हणजे आपल्याकडे एखाद्या चांगल्या लेगस्पिनरला 'बाबा, तू मीडियम पेस टाक, लेगब्रेक ओव्हरमधून एक पुरे' असं वर्षानुवर्षं सांगत राहावं तसं. हिलने जवळपास निम्मे बॉल कर्व्हबॉल टाकायला सुरुवात केली. एकच ठेवणीतला नाही. कमी वेगाचा, जास्त वेगाचा, कधी उंचावरून सोडलेला, कधी आडव्या हाताने. मधल्या काळात शिकलेली ती आडव्या हाताची कलाही कामाला आली.

13 सप्टेंबर 2015. मेजर लीगमध्ये सुरुवातीपासून बॉल टाकायची 2009 नंतरची पहिली संधी. सात इनिंग, एक हिट, 10 स्ट्राइकआउट. वर्षाअखेरीस ओकलंडने त्याच्याशी 60 लाख डॉलरचा करार केला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी लॉस एंजेलिस डॉजर्सनी तीन वर्षांसाठी 4 कोटी 80 लाखांचा.

त्यानंतर सगळं गोड झालं असं मात्र नाही. 2016 मध्ये सात इनिंग एकही बॅटर बेसवर पोहोचला नव्हता, आणि बोटाला फोड येतील या भीतीने मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने त्याला बाहेर काढलं. 23 ऑगस्ट 2017 ला पिट्सबर्गमध्ये आठ इनिंग पुन्हा तसंच. नवव्यात सहकाऱ्याच्या हातून बॉल निसटला, परफेक्ट गेम गेला. तरी नऊ इनिंगनंतर एकही हिट नव्हता. पण डॉजर्सनाही एकसुद्धा रन करता आला नव्हता, म्हणून सामना दहाव्या इनिंगमध्ये. हिलचा 99 वा बॉल जॉश हॅरिसनने डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे मारला. 1-0, सामना खलास. नऊ इनिंगमध्ये एकही हिट न देता माणूस हरला. मी ती क्लिप बरेचदा पाहिली आहे. त्यात मला चूक सापडत नाही, नुसता एक बॉल दिसतो.

तो नंतरही खेळत राहिला. मिनेसोटा, टँपा बे, मेट्स, पुन्हा बोस्टन, पिट्सबर्ग, सॅन डिएगो. मला राहून राहून त्या दुसऱ्या पिचर्सचा विचार येतो, जे तितकेच चिकट होते आणि ज्यांच्या वाट्याला कुणी बॅनिस्टर आला नाही. त्यांची नावं मला ठाऊक असण्याचं कारणच नाही.

22 जुलै 2025 ला, 45 व्या वर्षी, हिल कॅन्सस सिटी रॉयल्सच्या जर्सीत शिकागोच्या रिगली फिल्डवर उतरला. समोर कब्ज, जिथून सुरुवात झाली तोच संघ. कब्जनी त्याला ड्राफ्टमध्ये निवडलं ते 2002 साली. त्यांचा आताचा सेंटर फिल्डर पीट क्रो-आर्मस्ट्राँग जन्मला तो त्याच वर्षी. रॉयल्स हा हिलचा 14 वा संघ. एडविन जॅक्सनच्या विक्रमाशी बरोबरी. पाच इनिंग टाकल्या, संघ हरला. सहा दिवसांनी दुसरा सामना, चार इनिंग. दुसऱ्या दिवशी रॉयल्सनी त्याचं नाव यादीतून काढलं.