तिसरी वही

आमच्याकडे लग्न पार पडलं की घरात दोन वह्या उरतात. पहिली खर्चाची. मंडपवाला, बावर्ची, गोश्त, बासमती, डाळडा की तूप यावरून झालेली भांडणंसुद्धा आकड्यांच्या रूपानं तिच्यात असतात. दुसरी आहेराची. कुणाच्या पाकिटात किती निघाले, ते रात्री दार लावून लिहिलं जातं. पहिली वही वर्षभरात माळ्यावर जाते. दुसरी मात्र कपाटात दागिन्यांशेजारी राहते. ज्यानं पाचशे दिले, त्याच्याकडे लग्न निघालं की पाचशेच्या खाली जाता येत नाही. शिवाय कुणाच्या दावतीला किती देगा चढल्या, गोड एकच होतं की दोन, हे कुठं लिहिलेलं नसलं तरी सगळ्या बिरादरीला पाठ असतं. पुढचं मोठं लग्न होईपर्यंत त्या घराचा दर्जा त्यावर ठरतो.

गेल्या काही वर्षांत या दोन वह्यांमध्ये तिसरीची भर पडली आहे. ती आपल्या घरात नसते, हॉटेल कंपनीच्या संगणकात असते. तिच्यात आपल्या दावतीचा खर्च कुणाच्या तरी नावावर जमा होतो आणि त्यातून त्याला सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असा दर्जा मिळतो. कल्याण-डोंबिवलीतली लग्नं जमातखान्यातून आणि शाळेच्या पटांगणातून निघून लॉनवर, हॉलमध्ये, आणि ऐपत असो वा नसो, ठाण्याकडच्या तारांकित हॉटेलांत जाऊ लागली आहेत. म्हणून ही तिसरी वही कशी लिहिली जाते, हे आपणही समजून घेतलं पाहिजे.

गिऱ्हाइकाला बांधून ठेवण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेत १८९६ साली स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीनं हिरवी तिकिटं काढली. दुकानदार खरेदीच्या प्रमाणात ती द्यायचा, बायका ती वहीत चिकटवायच्या आणि वही भरली की वस्तू मिळायची. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सनं विमानप्रवासाचे मैल मोजायला सुरुवात केली. १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेल कंपन्या त्याच वाटेनं गेल्या, १९८७ मध्ये हिल्टन गेली. मॅरियटनं २०१६ मध्ये स्टारवुड ही कंपनी घेतली आणि फेब्रुवारी २०१९ पासून दोन्हींच्या योजना बॉनव्हॉय या एकाच नावाखाली आणल्या. आपल्याकडे ताज हॉटेलांची इनरसर्कल नावाची योजना होती. एप्रिल २०२२ मध्ये टाटा न्यू आल्यावर तिचा हिशेब न्यूकॉइनमध्ये होऊ लागला. एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया.

या योजनांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि बहुतेक लोक त्यांची गल्लत करतात. एक पॉइंट आणि दुसरी दर्जा. पॉइंट पैशासारखे असतात, खर्च केले की संपतात. दर्जा खर्च होत नाही. तो मिरवायचा असतो, म्हणजे मोठी खोली, उशिरा खोली सोडायची मुभा, कुठं फुकट नाश्ता. पण तो कायमचा नसतो. बॉनव्हॉयमध्ये वर्षात १० रात्री झाल्या तर सिल्व्हर, २५ झाल्या तर गोल्ड, ५० ला प्लॅटिनम, ७५ ला टायटॅनियम. त्याच्याही वर जायचं तर १०० रात्री आणि शिवाय वर्षाला २३,००० डॉलरचा खर्च. १ जानेवारीला मोजणी पुन्हा शून्यापासून.

आता रात्र म्हणजे काय, हे पाहा. आपल्याला वाटेल, माणूस हॉटेलात झोपला ती रात्र. तसं उरलेलं नाही. २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेबरोबर बॉनव्हॉयचं क्रेडिट कार्ड निघालं. ते घेतलं की वर्षाला १० रात्री आपोआप खात्यात पडतात, म्हणजे गादीला पाठ न लावता सिल्व्हर. कार्यक्रमांचंही तसंच. हॉटेलात लग्न किंवा परिषद ठेवली तर खर्चाच्या प्रत्येक पात्र डॉलरमागे २ पॉइंट, आणि त्या करारात घेतलेल्या खोल्यांच्या दर २० रात्रींमागे दर्जाच्या खात्यात १ रात्र. झोपतात वऱ्हाडी, रात्र मोजली जाते करारावर नाव असलेल्याची. हयातच्या योजनेत तर वरचा दर्जा मिळवायचे तीन रस्ते आहेत: वर्षात ६० रात्री, किंवा १,००,००० मूळ पॉइंट, किंवा हॉटेलात भरवलेले २० पात्र कार्यक्रम. डॉलरला ५ मूळ पॉइंट मिळतात, म्हणजे दुसरा रस्ता २०,००० डॉलरचा.

हे कंपन्यांना परवडतं कसं? रिकामी खोली एखाद्या रात्री कुणाला दिली तर हॉटेलचं फारसं काही जात नाही. पण खरं कारण वेगळं आहे. या योजना वाढल्या त्या कंपनीच्या खर्चानं फिरणाऱ्या माणसांच्या जिवावर. हॉटेल कोणतं ते ठरवतो नोकर, बिल भरते कंपनी. ज्याच्या हातात निवड आहे त्याला खूश ठेवायचं, पैसे कुणाचे आहेत याची चौकशी करायची नाही, असा हा सगळा व्यवहार आहे. निवड एकाची, पैसे दुसऱ्याचे आणि दर्जा निवड करणाऱ्याला. हे माझ्या ध्यानात आलं ते भाचीच्या लग्नाच्या बोलणीत.

माझ्या भावाचं कल्याणच्या बाजारात कपड्यांचं लहानसं दुकान आहे. मुलाकडची मंडळी ठाण्याची, माणसं चांगली. मुलाचा मोठा भाऊ एका कंपनीत आहे, महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी असतो. निकाहचं जेवण मुलीकडच्यांनी द्यायचं हा आपला रिवाज, शरियतमध्ये त्याला आधार नाही हे सगळ्यांना माहीत असूनही. त्या भाईसाहेबांनी एक हॉटेल सुचवलं. तीनशे माणसं, ताटाला दोन हजार. बुकिंग ते स्वतःच्या नावावर करणार होते, कारण त्यांच्या दर्जाला त्या वर्षी थोडं कमी पडत होतं. त्यांच्या मनात पाप नव्हतं. ते म्हणाले, “बाजी, पैसे तर द्यायचेच आहेत. मग पॉइंट वाया का घालवायचे? माझ्या कार्डावर पाहुण्यांना दोन खोल्याही चांगल्या मिळतील.”

मी म्हटलं, “वाया जात नाहीत भाईसाहेब. फक्त ज्याचे पैसे आहेत त्याला मिळत नाहीत.”

भाईजान गप्प होता. तो ठेव मोडायच्या विचारात होता, हे मला भाभीनं आधीच सांगितलं होतं. मी सातवीला शेकडेवारी शिकवते. त्या रात्री तोच धडा भाईजानसमोर कागदावर मांडला. तीनशे गुणिले दोन हजार म्हणजे ६,००,००० रुपये. खोलीचं भाडं ७,५०० च्या वर असलेल्या अशा हॉटेलातल्या जेवणावर जीएसटी १८ टक्के, म्हणजे १,०८,०००. एकूण ७,०८,०००. पॉइंट करावर मिळत नाहीत. डॉलर ९० रुपयांचा धरला तर सहा लाखांचे साधारण ६,६६६ डॉलर होतात आणि डॉलरला २ या दरानं १३,३३३ पॉइंट. एका पॉइंटाची किंमत व्यवहारात अर्ध्या-पाऊण रुपयाच्या आसपास पडते. म्हणजे सात लाख आठ हजार खर्चून कुणाच्या तरी खात्यात सात ते दहा हजार रुपयांचा माल. नुसता करच त्याच्या दहापटीहून जास्त. हा फायदा भाईजानच्या नावावर झाला असता तरीही तो सौदा घाट्याचाच होता.

पण हिशेबानं प्रश्न सुटत नाही, कारण दर्जा ही गोष्ट हिशेबाची नसते. भाची चहा घेऊन आली होती, कागदाकडे पाहत उभी राहिली. म्हणाली, “फुफी, हॉटेलात नाही झालं तर त्यांच्याकडे माझी किंमत कमी होईल?” तिनं डी.फार्म. केलंय, स्वतःच्या पगारावर घराला हातभार लावते. तरी तिच्या मनात हा प्रश्न आला. या सगळ्या वह्यांनी मिळून आमच्या मुलींच्या मनात हे पेरलं आहे की त्यांची किंमत बापाच्या खर्चावरून ठरते.

मी भाईसाहेबांशी पुन्हा बोलले, या वेळी मुलाच्या अम्मींसमोर. त्यांना एवढंच विचारलं, मुंब्र्याच्या आमच्या खालाजान लोकलनं येणार, पुढे रिक्षानं. हॉटेलच्या फाटकातून रिक्षा आत सोडतील की त्यांना रस्त्यावर उतरून चालत यावं लागेल? अम्मी हसल्या. त्यांच्याही घरात रिक्षानं येणारी माणसं होती. ठरलं ते असं. निकाह मोहल्ल्याच्या मशिदीत असरच्या नमाजनंतर, सगळ्यांना खजूर आणि सरबत. आमच्याकडून जेवण नाही. वलीमा मुलाकडचा, जसा सुन्नत आहे. तो त्यांनी आपल्या पसंतीच्या हॉटेलात दिला, आपल्या पैशानं, शंभर-सव्वाशे माणसांत. करारावर भाईसाहेबांचं नाव होतं, पैसे त्यांच्या घरचे होते, पॉइंटही त्यांना मिळाले. मी त्यांना मुबारकबाद दिली आणि ती मनापासून होती. स्वतःच्या कमाईनं कुणी गोल्ड झालं तर आपलं काय दुखायचं?

माझं म्हणणं हॉटेलविरुद्ध नाही. पैगंबरांनी अब्दुर्रहमान बिन औफ यांना एका बकरीचा का होईना वलीमा करायला सांगितलं होतं. म्हणजे दावत हवी, ऐपतीप्रमाणे हवी. आणि ज्या वलीम्याला श्रीमंतांना बोलावलं जातं आणि गरिबांना वगळलं जातं, त्याचं अन्न सगळ्यांत वाईट, असंही हदीसमध्ये आलं आहे. ताटाला दोन हजार झाले की पाहुण्यांच्या यादीतून सर्वांत आधी कुणाची नावं कापली जातात, हे प्रत्येकानं आपल्या घरची यादी आठवून पाहावं.

लग्नात निदान घरचे पैसे घरच्यांच्याच नात्यागोत्यात फिरतात. संस्थांचं प्रकरण याहून नाजूक आहे. आपल्या शिक्षणसंस्था, ट्रस्ट, जमाती आता सत्कार, परिषदा, शिक्षकांची प्रशिक्षणं हॉटेलांत ठेवू लागल्या आहेत. पैसे वर्गणीचे, देणगीचे, फीचे. करारावर सही चिटणीसाची किंवा संयोजकाची आणि सभासद क्रमांकही त्याचाच. शंभर शिक्षक दोन दिवस बसतात, जेवतात, आणि त्या जेवणाचा दर्जा एका माणसाला चढतो. हॉटेलच्या नियमांत ते बसतं. आपल्या नियमात बसतं का?

जकात गोळा करायला पाठवलेल्या इब्न लुतबिय्याची गोष्ट आपण मदरशात ऐकलेली आहे. परत येऊन तो म्हणाला, हा माल तुमचा आणि हा मला भेट मिळाला. त्यावर पैगंबर मिंबरवर उभे राहिले आणि विचारलं, हा आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती का? चौदाशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न आजच्या पॉइंटांनाही लागू पडतो. संस्थेचा कार्यक्रम नसता तर ते चिटणीसाच्या खात्यात आले असते का?

दुनियेतल्या सरकारांनाही हा प्रश्न पडलेला आहे. अमेरिकेत सरकारी नोकरानं सरकारी खर्चानं प्रवास करून मिळवलेले मैल सरकारचेच धरले जात. २००१ च्या अखेरीस तिथं कायदा झाला आणि नोकरांना ते ठेवायची मोकळीक मिळाली. आपल्या केंद्रीय अर्थमंत्रालयानं उलट भूमिका घेतली. सरकारी तिकिटावर मिळालेले मैल सरकारी प्रवासासाठीच वापरायचे, खासगी प्रवासाला वापरले तर कारवाई. दोन देशांनी दोन उत्तरं दिली, पण दोघांनीही विचार करून नियम लिहिला. आपल्या संस्थांच्या ठरावांच्या वहीत याबद्दल एक ओळ तरी आहे का?

आपल्या तहजीबमध्ये पाहुण्याचा मान वेगळ्या मापानं मोजला जायचा. सूरे तौबामध्ये जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत मुसाफिर आहे. खर्च करण्याच्या ताकदीमुळे त्याला हक्क मिळालेला नाही, वाटेत त्याचा खर्च संपला म्हणून मिळाला आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना अशाच विचारातून उभा राहिला. आणि सूरे हुजुरातमध्ये अल्लाहजवळ सर्वांत इज्जतदार कोण, याचं उत्तर जो सर्वांत परहेजगार तो, असं दिलेलं आहे. तिथं १ जानेवारीला खातं शून्य होत नाही.

म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवते. संस्थेचा कार्यक्रम हॉटेलात ठेवायचाच असेल, तर आधी सभेत ठराव करावा की सभासदत्वाचे पॉइंट संस्थेच्या कामालाच वापरले जातील. पुढच्या शिबिराला येणाऱ्या एखाद्या गरीब शाळेच्या शिक्षिकेची खोली त्यातून होऊ शकते. तसं करता येत नसेल तर पॉइंटऐवजी बिलातच सूट मागावी. सूट बिलावर दिसते, सगळ्यांना वाचता येते. आणि घरात लग्नाची बोलणी होतील तेव्हा हॉटेलचं नाव निघण्याआधी मुलीच्या बापानं करार मागून घ्यावा आणि दोन ओळी वाचाव्यात: पैसे देणार कोण, आणि नाव कुणाचं. दोन्ही ठिकाणी एकच नाव असेल तर खुशाल सही करावी.