कसाऱ्याचा घाट आणि एक वही

गेल्या भाद्रपदात नाशिकहून मुंबईस येताना इगतपुरीपाशी आमची मोटार रुसली. लासलगावचा कांदा घेऊन वाशीस निघालेल्या ट्रकवाल्याने "या काका, बसा वर" म्हणून हात दिला. पुढे कसाऱ्याचा घाट, त्यात पावसाची झिमझिम. त्याने गाडी खालच्या गिअरात टाकली. नुसत्या ब्रेकवर उतरले की ब्रेक तापून दगा देतात, हे त्याने मला मास्तरासारखे समजावले.

घाट उतरताच तपासणीच्या साहेबांनी हात केला. फिटनेस, विमा, परमिट, पीयूसी... गाडीत कांद्यापेक्षा कागदच जास्त असावेत! टायरही वाकून पाहिले. सारे ठीक. शेवटी एक मळकी वही निघाली. तीत डिझेल, टोल, चहा आणि रोजच्या झोपेचे तास.

"हे कशाला रे?" साहेब हसले.

"बायकोने लिहायला सांगितलंय, साहेब."

1961 च्या कायद्याने मोटार कामगाराला दिवसाचे काम आठ तास, अन् पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. वहीत आदल्या रात्रीपुढे 'दोन' लिहिले होते.

साहेबांनी वही मिटून परत दिली.

शहापूरला मीच चहाचे निमित्त काढले. चहा येईपर्यंत तो स्टिअरिंगवर डोके टेकून झोपला होता. मी त्याला पाऊण तास उठवले नाही.