बिऱ्हाड मॉरिशसातले

मॉरिशस पाहून आलेली माणसे तिथल्या समुद्राविषयी बोलतात; तिथे राहिलेली माणसे पावसाविषयी बोलतात. मोका या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षे मराठी शिकवायला जायचे ठरले, तेव्हा हा फरक आमच्या ध्यानात आला. गावाचे नावच मोका. प्रश्न होता तो मोक्याच्या जागेचा. मुलांना खिडकीतून समुद्र दिसायला हवा होता. हिला दमा. आषाढातल्या कित्येक रात्री हिने उशीला टेकून, बसून काढलेल्या. तेव्हा घर म्हणजे नुसते छप्पर नव्हते, औषधाचाच अर्धा भाग होता.

बेट लहान, लांबी पुण्याहून लोणावळ्याइतकी. पण हवा मात्र दर दहा मैलांवर बदलते. वारा येतो आग्नेयेकडून, मधल्या पठारावर चढतो आणि तिथेच रिता होतो. पठारावर वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस, तर पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम ९००. आपल्या महाबळेश्वर-वाईचेच गणित, फक्त दिशा उलटी! ऋतूही उलटे. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, आणि वादळेही त्याच दिवसांत.

पूर्वी वस्ती मुख्यतः पोर्ट लुई बंदरात. आपली कोकणातली माणसे मजुरीच्या करारावर उतरली तीही इथेच. पुढे १८६६ नंतर हिवतापाची साथ आली, हजारो माणसे दगावली, आणि ज्यांना शक्य होते ते उंचावर, थंड क्यूरपीपकडे पळाले. आगगाडी नुकतीच सुरू झाली होती. दिवसा बंदरात कचेरी, रात्री डोंगरावर झोप, अशी सोय झाली. ती गाडी १९६४ साली पुरती बंद पडली. आता बऱ्याच अंशी त्याच वाटेने नवी मेट्रो धावते. २०२२ पासून ती क्यूरपीपपर्यंत जाते.

आम्ही पोचलो जून महिन्यात, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात. क्यूरपीप सुमारे साडेपाचशे मीटर उंच. पहिले घर तिथलेच पाहिले. बाग सुंदर, भाडे बेताचे. मी खुशीत आलो. हिने मात्र कपाट भिंतीपासून वीतभर ओढले. मागे काळी बुरशी! स्वयंपाकघरातल्या बरणीतले मीठ पाझरून त्याचा गोळा झाला होता. "इथे माझ्या छातीचे काय होईल, ते या मिठाने सांगितले," असे म्हणून ही बाहेर पडली.

मग फ्लिक-आँ-फ्लाकचा पश्चिम किनारा. हवा कोरडी, समुद्र दारात. मुले नाचू लागली. पण भाडे पर्यटकांच्या हिशेबाचे, उन्हाळ्यात उकाडा आणि मोकाला रोजची लांबची ये-जा.

व्हाक्वाच्या एका वाणसामानाच्या दुकानात मालकांनी आमचे बोलणे ऐकून विचारले, "मराठी काय?" त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडचे. क्रिओलमध्ये मिसळलेल्या मराठीत ते हिला म्हणाले, "ताई, आधी पाऊस बघा, मग घर बघा. मधल्या उतारावर जा."

मधला उतार म्हणजे रोझ हिल, कात्र बोर्न. तिथे ना किनाऱ्याची काहिली, ना पठाराचा ओलावा. मोका जवळ, मेट्रो हाताशी. कात्र बोर्नला दोन खोल्या पाहिल्या. छत सिमेंटचे आहे ना, हे आधी विचारले. १९६० च्या 'कॅरोल' वादळानंतर तिथे लोकांनी पत्रे-लाकूड सोडून सिमेंटची घरे धरली, ती उगाच नव्हे. गच्चीवर पाण्याची टाकी आहे का, पावसाचे पाणी कुठून वाहून जाते, हेही पाहिले. जानेवारी २०२४ च्या 'बेलाल' वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांत मोटारी तरंगल्या होत्या. हिने नेहमीप्रमाणे कपाट ओढले. भिंत कोरडी! तिथल्या तिथे होकार दिला.

मुले आठ दिवस फुरंगटून होती. पण दर रविवारी बसने समुद्रावर न्यायचे कबूल केल्यावर निवळली.

दिवाळी आली ती उन्हाळ्याच्या तोंडावर. तिथे दिवाळीला सार्वजनिक सुटी असते आणि घराघरांवर पणत्या लागतात. हिने केलेल्या चकल्या पाचव्या दिवशीही कुरकुरीत होत्या. आणि त्या चार महिन्यांत उशीला टेकून बसायची वेळ हिच्यावर फक्त एकदा आली होती.