बुटाचा खोका आणि ड्रॉपर

उन्हाळ्यात सोसायटीत कुठं पिल्लू सापडलं की मुलं ते थेट माझ्याकडे आणायची. पक्ष्यांचा माणूस अशी माझी ख्याती होती आणि ती मला भलतीच आवडायची. बुटाचा खोका, कापूस, ड्रॉपर, दूध अशी तयारी असायचीच. सकाळपर्यंत बहुतेक पिल्लं मरायची. ‘नाजूक जीव, नशिबात नव्हतं त्याच्या,’ असं मी मुलांना सांगायचो.

नशिबाचा काही संबंध नव्हता. पक्ष्यांना दूध पचत नाही. ड्रॉपरचं पाणी तर श्वासनलिकेत जाऊ शकतं. तिचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं. त्याहून वाईट म्हणजे, त्यातली बरीचशी पिल्लं पडलेली नव्हतीच. लालबुड्या बुलबुलाचं पिल्लू नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतं. पिसं आलेलं, आखूड शेपटीचं ते ध्यान खाली टुणटुण उड्या मारतं आणि आईबाप त्याला किडे आणून भरवतात. मी खोका उचलून निघालो की तारेवर बुलबुल कलकलाट करायचे. मला वाटायचं, मांजर दिसलं असेल.

शेवटी एका पशुवैद्यांनी झापलं. ‘‘उचललंत तिथंच नेऊन ठेवा. हात लागला म्हणून आईबाप पिल्लू टाकत नाहीत.’’ जास्वंदीखाली ठेवून लांब उभा राहिलो, तर थोड्या वेळानं एक बुलबुल चोचीत अळी घेऊन हजर.

मग मी दुसरं टोक गाठलं. जो विचारेल त्याला एकच उत्तर, ‘हात लावू नका.’ शेजारच्या काकूंनी फोनवर विचारलं तेव्हाही न बघता तेच सांगितलं. त्यांना सापडलेलं पिल्लू उघडंबोडकं, डोळे मिटलेलं होतं. त्याला मुंग्या लागल्या. असं पिल्लू घरट्यात परत ठेवायचं असतं. घरटं मोडलं असेल तर भोकं असलेली छोटी करंडी त्याच झाडाला बांधायची.

आता आधी प्रश्न विचारतो. पिसं आली आहेत का? मांजरानं तोंडात धरलं होतं का? धरलं असेल तर जखम दिसो न दिसो, डॉक्टरच गाठायला हवा, नाहीतर वनविभागाचा 1926 हा नंबर. रस्त्यात असेल तर जवळच्या झुडपात सरकवा. ‘मग पाळू का?’ असंही काहीजण विचारतात. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते बसत नाही म्हटलं की फोन लगेच आटोपतो.